छत्तीस अंश तीस मिनिटं: अमेरिकेतली गुलामगिरी आणि तडजोडींचं गणित

स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत हा विषय चार ओळींत उरकलेला असतो. मिसुरी तडजोड १८२०, दुसरी तडजोड १८५०, कॅन्सस-नेब्रास्का कायदा १८५४, यादवी युद्ध १८६१. सनावळी पाठ होते, पण साधा प्रश्न तसाच राहतो. माणूस एक तर गुलाम असतो किंवा नसतो. मग या वादात मधला मार्ग निघालाच कसा? आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा कसा निघाला?

खरं तर गुलामगिरी असावी की नसावी, यावर तडजोड कधी झालीच नाही. तडजोडी झाल्या त्या जमिनीवर आणि सिनेटमधल्या खुर्च्यांवर. हे गणित कळलं की सनावळी आपोआप लक्षात राहते.

आधी सोसायटीच्या कमिटीचं उदाहरण

अमेरिकेच्या संसदेत दोन सभागृहं आहेत. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात. सिनेटमध्ये राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाचे दोनच सदस्य. कायदा व्हायचा तर दोन्हीकडे मंजूर व्हावा लागतो.

समजा एका हाउसिंग सोसायटीत प्रत्येक इमारतीचे कमिटीवर दोन सदस्य असतात. उत्तरेच्या इमारतींत माणसं भराभर वाढताहेत, दक्षिणेच्या इमारतींत तेवढी नाहीत. तरीही दोन्हीकडच्या इमारती सारख्या आहेत तोवर कमिटीत मतं सारखी पडणार आणि कुणीच कुणावर काही लादू शकणार नाही. आता शेजारचा प्लॉट सोसायटीने घेतला. तिथे उभी राहणारी इमारत कुणाच्या बाजूची, यावर हाणामारी होणारच.

अमेरिकेत १८१९ च्या अखेरीस २२ राज्यं होती: ११ गुलामगिरी असलेली, ११ नसलेली. प्रतिनिधिगृहात मात्र उत्तरेकडे १०५ जागा आणि दक्षिणेकडे ८१. म्हणजे दक्षिणेची खरी ढाल सिनेट.

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा: टेरिटरी. देशाच्या मालकीची, पण अजून राज्य न झालेली जमीन म्हणजे टेरिटरी. तिचा कारभार वॉशिंग्टनहून चालायचा. पुरेशी वस्ती झाली की तिथले लोक स्वतःची घटना लिहून राज्याचा दर्जा मागायचे. जी राज्यं आधीच होती, तिथल्या गुलामगिरीला हात लावायचा अधिकार संसदेला नाही, हे जवळपास सगळ्यांना मान्य होतं. लिंकनलाही. वाद होता तो टेरिटरीत संसद गुलामगिरी बंद करू शकते का, एवढाच.

पाच माणसं, मोजायची तीन

पहिली तडजोड राज्यघटनेतच आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना प्रश्न आला की जागा लोकसंख्येवर ठरणार, तर गुलाम मोजायचे का? दक्षिण म्हणाली, पूर्ण मोजा. उत्तर म्हणाली, त्यांना मत नाही, मोजायचे कशाला? ठरलं असं की पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची. समजा एखाद्या राज्यात ३ लाख स्वतंत्र लोक आणि २ लाख गुलाम आहेत. २ लाखांचे तीन पंचमांश म्हणजे १ लाख २० हजार. त्या राज्याची लोकसंख्या ४ लाख २० हजार धरून जागा मिळणार, मतं मात्र ३ लाखांतलेच लोक देणार.

या कलमाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘गुलामाला तीन पंचमांश माणूस मानलं’ हा अपमान खरा, पण पूर्ण मोजलं असतं तर मालकांचंच बळ आणखी वाढलं असतं. ज्याला बेडी घातली त्याच्याच डोक्यावर बेडी घालणाऱ्याला जास्तीची जागा मिळत होती. अध्यक्षाची निवडही याच जागांच्या हिशेबाने होते. १८०० मध्ये जेफरसन ७३ विरुद्ध ६५ मतांनी निवडून आले. गुलामांची मोजणी वगळली असती तर बहुधा ॲडम्स जिंकले असते, असं अनेक इतिहासकार आकडे मांडून दाखवतात.

घटनेत आणखी दोन सवलती होत्या. १८०८ पर्यंत परदेशातून गुलाम आणण्यावर संसद बंदी घालणार नव्हती, आणि पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम मालकाला परत द्यायचा होता. एवढं सगळं लिहिलं, पण ‘गुलाम’ हा शब्द मूळ घटनेत एकदाही नाही. ‘इतर व्यक्ती’, ‘श्रमास बांधलेली व्यक्ती’ असे शब्द वापरले. ज्याची लाज वाटते त्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत आपल्यालाही अनोळखी नाही.

ही प्रथा हळूहळू आपोआप संपेल, असं त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं आणि हिशेब उलटला. आखूड धाग्याचा कापूस आता परवडू लागला. १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. युद्धाआधी अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त मूल्य एकट्या कापसाचं होतं. तो पुरवठा युद्धात तुटल्यावर इंग्लंडच्या गिरण्या इकडे वळल्या. मुंबईत कापसाची आणि पाठोपाठ शेअरची जी तेजी आली, ती याचीच. १८६५ मध्ये युद्ध संपताच तीही कोसळली.

मिसुरी: नकाशावर ओढलेली रेघ

१८१९ मध्ये मिसुरीने राज्याचा दर्जा मागितला. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॉलमेज यांनी अट सुचवली: नवे गुलाम आणायचे नाहीत, आणि यापुढे गुलामांना होणारी मुलं २५ वर्षांची झाली की मोकळी. प्रतिनिधिगृहाने अट मान्य केली, सिनेटने फेटाळली. गणित जसं चालायला हवं तसंच ते चाललं.

१८२० मध्ये सुटका मेनमुळे झाली. मेन तोवर मॅसॅच्युसेट्सचा भाग होता आणि त्याला वेगळं व्हायचं होतं. मग मेन मुक्त राज्य, मिसुरी गुलामीचं राज्य, हिशेब बारा-बारा. शिवाय १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियाना प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशावर रेघ ठरली. मिसुरी सोडून त्या रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. प्रतिनिधिगृहात अट काढून टाकायचं मतदान ९० विरुद्ध ८७ असं झालं, तेही उत्तरेचे १४ सदस्य दक्षिणेकडे गेले म्हणून.

रेघेच्या उत्तरेची जमीन कितीतरी जास्त होती. मग दक्षिण तयार कशी झाली? कारण मिसुरी आज हातात पडत होती आणि उत्तरेचं माळरान वसायला अजून वर्षं होती. आजचं मरण उद्यावर. म्हातारे जेफरसन तेव्हाच एका पत्रात म्हणाले होते की ही फक्त स्थगिती आहे, अंतिम निकाल नव्हे.

पण ती स्थगिती तीसेक वर्षं चालली, हे मान्य करायला हवं. राज्यं जोडीजोडीने आत घेतली गेली: आर्कान्सॉ आणि मिशिगन, पुढे फ्लोरिडा-टेक्सस विरुद्ध आयोवा-विस्कॉन्सिन. मध्येच १८३६ पासून ८ वर्षं प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरोधी अर्ज वाचायचेच नाहीत, असा नियम करून ठेवला. विषय निघालाच नाही की भांडणही नाही!

१८५०: जी तडजोड खरं तर झालीच नाही

रेघ टिकली, कारण जमीन तेवढीच होती. १८४८ मध्ये मेक्सिकोशी युद्ध जिंकून अमेरिकेला पॅसिफिकपर्यंतचा मुलूख मिळाला. ही जमीन लुइझियाना प्रदेशात नव्हती, म्हणजे जुनी रेघ तिथे लागू नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि लोकांची रीघ लागली. १८४९ मध्ये तिथल्या लोकांनी गुलामगिरी बंद ठेवणारी घटना लिहून राज्याचा दर्जा मागितला. त्या वेळी हिशेब होता १५ विरुद्ध १५, आणि या वेळी जोडीला द्यायला दक्षिणेकडे राज्य तयार नव्हतं.

केंटकीचे ७२ वर्षांचे सिनेटर हेन्री क्ले यांनी जानेवारी १८५० मध्ये तोडगा मांडला. त्यातून पुढे जे कायदे झाले ते असे. कॅलिफोर्निया मुक्त राज्य. न्यू मेक्सिको आणि युटा या टेरिटरींत गुलामगिरीबद्दल तिथल्या लोकांनी ठरवावं. टेक्ससने न्यू मेक्सिकोवरचा दावा सोडावा, बदल्यात १ कोटी डॉलर. राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामांचा बाजार बंद, गुलाम बाळगायला मात्र मोकळीक. आणि पळालेल्या गुलामांना पकडण्यासाठी नवा कडक कायदा.

शाळेच्या पुस्तकात हे सगळं ‘दोघांनी थोडं थोडं सोडलं’ असं दाखवतात. मतदानाची नोंद वेगळंच सांगते. क्ले यांनी बराचसा माल एकाच गाडीत भरला होता, म्हणून तिला ‘ऑम्निबस’ म्हणायचे. कल्पना अशी की आवडीच्या कलमासाठी लोक नावडतं कलम गिळतील. घडलं उलटं. प्रत्येकाने नावडत्या कलमासाठी सगळी गाडीच अडवली आणि ३१ जुलैला ती मोडून पडली. मग इलिनॉयचे ३७ वर्षांचे स्टीफन डग्लस पुढे आले. त्यांनी गाडीतला माल उतरवून एकेक पोतं वेगळं पुढे ढकललं. कॅलिफोर्नियाला उत्तरेची मतं, पळपुट्यांच्या कायद्याला दक्षिणेची, आणि दोन्ही वेळी मधल्या मूठभर लोकांची भर. ६० जणांच्या सिनेटमध्ये पळपुट्यांचा कायदा २७ विरुद्ध १२ मतांनी झाला, बाकीचे मतदानालाच नव्हते. पाचही कायद्यांना होकार देणारे सिनेटर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

दोन नशिबाच्या गोष्टीही घडल्या. तोडग्याला आडवे येणारे अध्यक्ष झॅकरी टेलर ९ जुलैला वारले आणि उपाध्यक्ष फिलमोर अनुकूल निघाले. शिवाय टेक्ससचे कर्जरोखे बाळगून बसलेल्या लोकांना त्या १ कोटीतून आपले पैसे सुटताना दिसत होते. त्यांनी संसदेच्या आवारात बरीच धावपळ केली.

‘लोकांनी ठरवावं’ यातली मेखही तेव्हाच मारून ठेवली होती. कधी ठरवावं? टेरिटरीची पहिली सभा भरताच, की थेट राज्य होताना? उत्तरेने पहिला अर्थ घेतला, दक्षिणेने दुसरा. कायद्याने जाणूनबुजून स्पष्ट केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दहा डॉलर आणि पाच डॉलर

पाचांतला सर्वांत महाग पडलेला कायदा पळपुट्यांचा. त्याची रचना अशी होती. मालक किंवा त्याचा माणूस शपथपत्र घेऊन यायचा. सुनावणी न्यायाधीशासमोर किंवा नेमलेल्या कमिशनरसमोर, ज्यूरी नाही. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची मुभा नाही. कमिशनरने माणूस मालकाचा ठरवला तर फी १० डॉलर, सोडला तर ५ डॉलर. कायद्याच्या बाजूचे म्हणायचे की पाठवणीची कागदपत्रं जास्त असतात, म्हणून फी जास्त. ज्याची मान अडकली आहे त्याला हे पटवून द्यायला हवं होतं! पळालेल्याला मदत करणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद. मार्शलने, म्हणजे केंद्राच्या अंमलदाराने, हाक मारली तर रस्त्यावरच्या कुणालाही पकडायला मदत करणं भाग. पळून कितीही वर्षं झालेली असोत, कायदा लागू.

यामुळे बिघडलं ते असं. तोवर उत्तरेतल्या सामान्य माणसाला गुलामगिरी ही लांबची गोष्ट होती. आता ती त्याच्या गल्लीत आली आणि त्यालाच हातभार लावायला सांगू लागली. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या एका माणसाला बोस्टनमधून परत न्यायला रस्त्यांवर सैन्य उभं करावं लागलं. उत्तरेच्या अनेक राज्यांनी या कायद्याला अडथळे आणणारे स्वतःचे कायदे केले. दक्षिणेच्या मते हा करारभंग होता, आणि करारभंगाची तक्रार हीच पुढे दक्षिणेच्या देशातून फुटून निघण्याच्या कागदांत सापडते.

रेघ पुसली, मूठ उघडली

डग्लस यांना शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे हवी होती. त्यासाठी मधली टेरिटरी उभी करायची, त्यासाठी दक्षिणेची मतं. ही जमीन ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेला, म्हणजे गुलामगिरीला बंद. दक्षिणेच्या सिनेटरांनी किंमत सांगितली: रेघ काढा. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती काढली आणि ‘लोकांनी ठरवावं’ हे सूत्र तिथे बसवलं. प्रतिनिधिगृहात उत्तरेच्या ज्या ४४ डेमोक्रॅट सदस्यांनी होकार दिला, त्यांतले पुढच्या निवडणुकीत फक्त ७ परत आले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष जन्माला आला.

लोकांनी ठरवायचं, तर मग लोकच आणले गेले. मार्च १८५५ मध्ये कॅन्ससमध्ये पात्र मतदार सुमारे २९०० होते आणि मतं पडली ६००० हून जास्त. शेजारच्या मिसुरीतून टोळ्या येऊन मतं टाकून गेल्या. दोन सरकारं बसली, गावं जळली, माणसं मारली गेली.

१८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात ७ विरुद्ध २ असा निकाल दिला: काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, आणि टेरिटरीत गुलामगिरीवर बंदी घालायचा अधिकार संसदेला नाहीच. झाकली मूठ उघडली. संसदेला अधिकार नाही, तर संसदेनेच नेमलेल्या टेरिटरीच्या सभेला कुठून येणार? म्हणजे ‘लोकांनी ठरवावं’ हेही गेलं, आणि टेरिटरीत गुलामगिरी वाढू द्यायची नाही हा रिपब्लिकन पक्षाचा कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला. यापुढे दोन्ही बाजूंना हवा तसा वाचता येईल असा मजकूर लिहायची सोयच उरली नाही, आणि तडजोडी चालल्या होत्या त्या याच सोयीवर.

पैसे देऊन गुलाम सोडवता आले नसते का?

ब्रिटनने १८३३ मध्ये तसं केलं. सुमारे ८ लाख गुलामांसाठी मालकांना २ कोटी पौंड दिले. अमेरिकेत मात्र गुलामांची बाजारातली किंमत सुमारे ३०० कोटी डॉलर असल्याचा अंदाज आहे, आणि केंद्र सरकारचा वर्षाचा खर्च सहा-सात कोटी डॉलर. पण पैसा हीच अडचण नव्हती. ब्रिटनच्या मळेवाल्यांना लंडनच्या संसदेत दक्षिणेसारखी निम्मी ताकद नव्हती. शिवाय विकायची तयारी लागते. १८६१ च्या अखेरीस, युद्ध सुरू असताना, लिंकननी डेलावेअरला भरपाईचा प्रस्ताव दिला. त्या राज्यात गुलाम होते १८०० पेक्षाही कमी. तिथल्या विधिमंडळानेही तो स्वीकारला नाही.

युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, असंही म्हणतात

हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. पण कोणत्या हक्कासाठी, हे विचारलं की उत्तर फुटून निघालेल्या राज्यांच्याच जाहीरनाम्यांत मिळतं. मिसिसिपीने गुलामगिरीशी आपली नाळ जोडलेली असल्याचं सुरुवातीलाच सांगितलं आहे. साउथ कॅरोलायनाची तक्रार तर अशी की उत्तरेची राज्यं पळपुट्यांचा कायदा पाळत नाहीत. म्हणजे तिथे राज्यांचा हक्क उत्तर सांगत होती आणि केंद्राचा बडगा दक्षिणेला हवा होता.

या तडजोडींनी उत्तरेला वाढायला वेळ दिला, नाहीतर १८५० मध्येच देश फुटला असता, असाही एक मुद्दा आहे आणि तो पोकळ नाही. त्या दहा वर्षांत उत्तरेकडे रेल्वे, कारखाने, माणसं सगळंच वाढलं. पण त्या वेळाचं भाडं भरलं कुणी? १८५० मध्ये ३२ लाख माणसं गुलाम होती. वाटाघाटीच्या एकाही टेबलावर त्यांच्यातलं कुणी नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. क्ले-डग्लस यांच्या पंथाला त्यात जागा नाही.

शेवटची बोली

नोव्हेंबर १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटली. दोन दिवस आधी केंटकीचेच जॉन क्रिटेंडन यांनी जुनी रेघ पॅसिफिकपर्यंत न्यायचा प्रस्ताव मांडला होता, आणि तोही पुढे मिळणाऱ्या जमिनीसकट. इथे लिंकन अडले. असलेल्या राज्यांतली गुलामगिरी राहू दे, पळपुट्यांचा कायदाही राहू दे, पण नवी जमीन नाही, असं त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना कळवलं. ‘पुढे मिळणारी जमीन’ याचा अर्थ दक्षिणेची नजर क्युबावर होती, हे त्यांना दिसत होतं.

तरीही एक बोली संसदेतून पार झाली. असलेल्या राज्यांतल्या गुलामगिरीला संसद कधीही हात लावणार नाही, अशी घटनादुरुस्ती ओहायोच्या टॉमस कॉर्विन यांच्या नावाने ओळखली जाते. प्रतिनिधिगृहात १३३ विरुद्ध ६५, सिनेटमध्ये २४ विरुद्ध १२, म्हणजे नेमकी दोन तृतीयांश मतं. याही मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द नाही. ४ मार्च १८६१ च्या शपथविधीच्या भाषणात आपली हरकत नसल्याचं लिंकन म्हणाले. तोवर सात राज्यं बाहेर पडली होती आणि १२ एप्रिलला साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट समटर या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या.

तीन चतुर्थांश राज्यांनी मान्य केली असती तर ती तेरावी घटनादुरुस्ती ठरली असती. तो क्रमांक डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणाऱ्या दुरुस्तीला मिळाला. कॉर्विन यांच्या ठरावाला मात्र संसदेने मुदत घातली नव्हती आणि तो मागेही घेतला नाही. ओहायो आणि मेरीलँड यांनी दिलेली मंजुरी पुढे रद्द केली, मेरीलँडने तर २०१४ मध्ये. बाकी कागदोपत्री तो ठराव आजही राज्यांपुढे प्रलंबित आहे.